जखम भरते ती कोणामुळें?

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर औद्योगिक विकास महामंडळाची जी वसाहत आहे, तिच्या परिसरांत यंत्रमागांचा खडखडाट सतत कानीं पडतो. टॉवेल आणि चादरी ह्या दोन वस्तूंनीं सोलापूरचें नांव देशोदेशीं नेलें, आणि त्या दोन्ही वस्तू येथें विणल्या जातात. १८७७ सालीं ज्या गांवांत पहिली कापडगिरणी सुरू झाली, त्या गांवाच्या अंगवळणीं पडलेला हा व्यवसाय आतां गिरण्यांतून निघून अशा लहानमोठ्या कारखान्यांत येऊन राहिला आहे. मागावर काम करणाऱ्या हाताला लहानसहान जखमा नव्या नाहींत. वेगानें धांवणारा दोरा बोटांत रुततो, धोट्याचें टोंक लागतें, कात्री निसटते. कामगार बोटाला चिंधी गुंडाळतो आणि तुटलेला धागा पुन्हां सांधावयास लागतो. पहिल्या दिवशीं बोट लाल होतें, सुजतें, ठणकतें. दोन-तीन दिवसांनीं ठणका उतरतो. आठ-पंधरा दिवसांत खपली गळून खालीं कोंवळी कातडी दिसूं लागते.

तुटलेला धागा सांधण्यास मनुष्य लागतो. तुटलेली कातडी मात्र आपोआप सांधली जाते, असें सर्वांस वाटतें. ह्या ‘आपोआप’ शब्दाच्या आड कोण काम करीत असतें, हें कळावयास मनुष्यजातीला फार दीर्घ काळ लागला. आणि त्या ज्ञानाचा निम्मा भाग तर, डोळ्यांसमोर येऊनहि, जवळजवळ शंभर वर्षें मागें पडून राहिला. शत्रूशीं लढणें आणि मेलेल्यांची व्यवस्था लावणें, अशीं दोन कामें करणाऱ्या पेशी शरीरांत आहेत. पहिल्या कामाचे पोवाडे पुष्कळ झाले. दुसऱ्या कामाचा इतिहास तितकाच जुना आहे, आणि जखम भरण्याचें खरें रहस्य त्यांतच आहे.

आपल्या देशांतील प्राचीन शल्यवैद्यांनीं जखमेचा विचार मोठ्या बारकाईनें केला होता. सुश्रुतसंहितेंत व्रणावरील साठ उपक्रम सांगितले आहेत. त्या सर्व विवेचनांत दोन शब्द पुनःपुन्हां येतात: शोधन आणि रोपण. शोधन म्हणजे व्रण शुद्ध करणें, आणि रोपण म्हणजे तो भरून आणणें. दुष्ट व्रण व शुद्ध व्रण असा भेद त्या ग्रंथांत केलेला आहे. व्रण दुष्ट असेल तर प्रथम त्याचें शोधन करावयाचें, तो शुद्ध झाला म्हणजे मग रोपणाकडे वळावयाचें, असा हा क्रम होय. घाण तशीच ठेवून वरून कातडी आणण्याची घाई केल्यास व्रण पुन्हां उलटतो, हा अनुभव त्यामागें होता. तिकडे युरोपांत पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस ह्यानें दाहाचीं चार लक्षणें लिहून ठेवलीं: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पुढें अनेक शतकें वैद्यकाचे विद्यार्थी हीं लक्षणें पाठ करीत आले. जखमेंत काय घडतें, हें ह्या दोन्ही परंपरांना ठाऊक होतें. तें कोण घडवितें, हें पाहावयास मात्र त्यांच्याजवळ साधन नव्हतें.

तें साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो इतका सुधारला कीं, शरीर हें असंख्य पेशींचें बनलेलें आहे, ही गोष्ट निर्विवाद ठरली. १८५८ सालीं बर्लिन येथील रुडोल्फ फिर्खो ह्यांनीं रोगाचें मूळ पेशींत शोधलें पाहिजे, असा सिद्धान्त मांडला. १८६७ सालीं त्यांचे शिष्य यूलियस कोनहाइम ह्यांनीं बेडकाच्या शरीरांतील दाह झालेला भाग सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां रक्तांतील पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतींतून वाट काढून बाहेर पडतांना त्यांस दिसल्या. पू म्हणून ज्याला सर्वजण ओळखतात, तो बहुतांशीं ह्याच पेशींचा बनलेला असतो, हेंहि त्यायोगें कळलें. परंतु ह्या पेशी तेथें कशाकरितां येतात? पुष्कळांचा समज असा होता कीं, त्यांच्या पोटांत रोगजंतू सांपडतात त्या अर्थीं त्या जंतूंना आश्रय देऊन शरीरभर पसरवीत असल्या पाहिजेत. म्हणजे घराचे राखणदार ते चोरांचे साथीदार ठरले होते.

हा आरोप पुसून काढणारा मनुष्य वैद्य नव्हता. इल्या मेच्निकॉफ हे प्राणिशास्त्रज्ञ होते. काळ्या समुद्रावरील ओडेसा येथील विद्यापीठांतली आपली जागा त्यांनीं १८८२ सालीं सोडली आणि ते सिसिली बेटावरील मेसिना ह्या गांवीं जाऊन राहिले. एके दिवशीं घरचीं माणसें सर्कस पाहावयास गेलीं असतां ते एकटेच सूक्ष्मदर्शकाशीं बसले होते. समोर तारामाशाची अळी होती. ही अळी कांचेसारखी पारदर्शक असते. तिच्या अंगांतील हिंडत्याफिरत्या पेशी बाहेरून स्पष्ट दिसतात. शरीरांत शिरलेल्या परक्या वस्तूचा समाचार ह्याच पेशी घेत असतील काय, अशी कल्पना मेच्निकॉफ ह्यांच्या मनांत आली. त्यांनीं बागेंतून गुलाबाचे कांटे आणले आणि अळ्यांच्या कातडीखालीं खुपसून ठेवले. दुसऱ्या दिवशीं पहाटे पाहतात तों प्रत्येक कांट्याभोंवतीं त्या पेशींचा गराडा पडलेला!

ह्या साध्या प्रयोगाचें महत्त्व असें कीं, तारामाशाच्या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. तेव्हां जखमेकडे पेशींनीं धांव घेणें हें रक्तवाहिन्यांच्या बिघाडाचें फळ नसून तो त्या पेशींचा मूळ स्वभाव आहे, हें उघड झालें. पुढच्या वर्षीं फिर्खो स्वतः मेसिना येथें आले होते. त्यांनीं हीं निरीक्षणें पाहून मेच्निकॉफ ह्यांस उत्तेजन दिलें. पण वैद्यकांत ह्याच्या नेमकें उलट शिकविलें जातें, तेव्हां जपून पाऊल टाका, असा इशाराहि दिला. व्हिएन्ना येथील प्राध्यापक क्लाऊस ह्यांनीं ग्रीक भाषेंतून ह्या पेशींना नांव सुचविलें तें ‘फॅगोसाइट’, म्हणजेच भक्षक पेशी. मेच्निकॉफ ह्यांनीं त्यांत दोन जाती मानल्या. एक लहान व चपळ. हिलाच आज न्यूट्रोफिल म्हणतात. दुसरी मोठी व संथ. तिला त्यांनीं मॅक्रोफेज हें नांव दिलें, तें अद्याप चालू आहे.

१८८८ सालीं पाश्चरनीं मेच्निकॉफ ह्यांस पॅरिस येथील आपल्या संस्थेंत जागा दिली. परंतु जर्मन विद्वानांस हा विचार पटला नाहीं. १८९० सालीं बेहरिंग व किटासाटो ह्यांनीं असें दाखविलें कीं, घटसर्प व धनुर्वात ह्यांच्या विषाला मारक असें द्रव्य रक्तरसांत उत्पन्न होतें, आणि तें एका जनावरांतून दुसऱ्यांत घालतां येतें. मग पेशींची मातबरी ती काय? शरीराचें रक्षण रक्तरस करतो, पेशी केवळ मागाहून येऊन मेलेले जंतू उचलतात, असें ह्या पक्षाचें म्हणणें पडलें. गमतीची गोष्ट ही कीं, मेलेलें उचलणें हें काम त्या वादांत हलकें समजून पेशींच्या माथीं मारण्यांत आलें होतें. तेंच काम पुढें शंभर वर्षांनीं त्यांच्या थोरवीचें कारण ठरावयाचें होतें.

ह्या वादांतील दोन्ही बाजूंचीं माणसें थोड्याच वर्षांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येऊन पोंचलीं. मात्र त्यांस आणलें तें वादानें नव्हे, प्लेगनें. १८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीचा ताप दिसूं लागला. त्यावर लस शोधण्याचें काम वाल्डेमार हाफकीन ह्यांच्याकडे सोंपविण्यांत आलें. हाफकीन हे ओडेसा येथें मेच्निकॉफ ह्यांच्याच हाताखालीं शिकलेले, आणि पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम केलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील तोकड्या जागेंत त्यांनीं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्याच वर्षीं जर्मन प्लेग मंडळाबरोबर रॉबर्ट कॉख मुंबईस आले. जर्मन जंतुशास्त्राचे ते अग्रणी होते. १८९८ सालीं सरकारनें नेमलेल्या प्लेग कमिशनचे एक सभासद म्हणून इंग्लंडांतून आल्मरॉथ राइट आले. हाफकीन ह्यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली, आणि १९२५ सालीं तिला त्यांचें नांव मिळालें. ती हाफकीन संस्था आजहि परळास उभी आहे.

पेशी खऱ्या कीं रक्तरस खरा, ह्या तंट्याची तडजोड पुढें राइट ह्यांनींच घडवून आणली. १९०३ सालीं डग्लस ह्यांच्यासह त्यांनीं असें दाखविलें कीं, रक्तरसांतील कांहीं द्रव्यें जंतूंच्या अंगाला चिकटतात आणि तसें झालें म्हणजे भक्षक पेशी त्यांना अधिक तत्परतेनें गिळतात. ह्या द्रव्यांस त्यांनीं ‘ऑप्सोनिन’ असें नांव दिलें. त्यांतील ग्रीक शब्दाचा अर्थ तोंडीलावणें असा आहे. नुसती भाकरी घशाखालीं उतरत नाहीं, तिला चटणी लागते, तसाच हा प्रकार. दोन्ही पक्ष अंशतः खरे ठरले, आणि १९०८ सालचें नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ व जर्मनींतील पाउल एर्लिख ह्या दोघांत वांटून देण्यांत आलें. तत्पूर्वीं, १९०६ सालींच, बर्नार्ड शॉ ह्यांनीं आपल्या एका नाटकांत भक्षक पेशींना उत्तेजन द्या असा एकच घोष लावणारा डॉक्टर रंगवून लंडनच्या प्रेक्षकांस हंसविलें होतें. इतकी ही कल्पना लोकांत पसरली होती.

परंतु ती पसरली ती एकाच रूपानें. शरीर हा किल्ला, जंतू हे शत्रू, आणि भक्षक पेशी हें सैन्य, असें तें चित्र होतें. प्लेग, पटकी व क्षय ह्यांनीं गांजलेल्या काळाला दुसरें चित्र सुचणें कठीणच होतें. तथापि मेच्निकॉफ ह्यांनीं स्वतः पाहिलेली एक गोष्ट ह्या चित्रांत कोठेंच बसत नव्हती. १८८३ च्या सुमारास त्यांनीं बेडकाच्या पिलांचें निरीक्षण केलें होतें. पाण्यांत पोहणाऱ्या ह्या पिलाला शेपूट असतें. बेडूक होतांना तें नाहींसें होतें. तें गळून पडत नाहीं. आंतल्या आंत जिरतें. त्या जिरणाऱ्या शेपटींतील स्नायूंचे तुकडे भक्षक पेशी गिळीत असल्याचें त्यांस आढळलें. येथें जंतू नाहींत, परका कांटा नाहीं, शत्रू तर नाहींच नाहीं. शरीर आपलाच निकामी झालेला भाग आवरून घेत आहे आणि त्या जागीं नवी रचना उभी राहत आहे. तसेंच दाह झालेल्या जागीं मोठ्या भक्षक पेशी लहान भक्षक पेशींना गिळतांना त्यांनीं पाहिल्या होत्या. हीं निरीक्षणें ग्रंथांत नोंदलीं गेलीं. पण लढाईच्या वर्णनांत रमलेल्या वाचकांनीं तीं बाजूस सारलीं.

ज्या लोकांना मेलेल्या मांसाकडे पाठ फिरवितां येत नव्हती, ते म्हणजे रणांगणावरील शल्यवैद्य. पहिल्या महायुद्धांत चिखलानें माखलेल्या जखमा नुसत्या शिवून टाकल्या तर त्या सडतात, हें पुनःपुन्हां दिसून आलें. आणि जखम उघडून आंतील मृत मांस कापून काढावें, शिवण मागाहून घालावी, असा प्रघात पडला. शोधन आधीं, रोपण नंतर, हाच तो जुना क्रम. ह्याच प्रघाताच्या काळांत शल्यवैद्यक शिकलेला एक तरुण सोलापूरचा होता. १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस परळ येथील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिकले, म्हणजे हाफकीन ह्यांच्या प्रयोगशाळेच्या शेजारींच. १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून ते गेले, आणि पुढें बेथ्यून ह्यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. ज्या नॉर्मन बेथ्यूनचें नांव त्या रुग्णालयास होतें, ते कॅनडाचे शल्यवैद्य शस्त्रक्रिया करतांना बोट कापल्याचें निमित्त होऊन, रक्त दूषित होऊन, १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं मरण पावले होते. कोटणीसहि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच वारले. बोटाची एक लहानशी जखम किती दूर जाऊं शकते आणि जखमी मनुष्यास वांचविण्यासाठीं काय पडतें, हें ह्या दोन आयुष्यांवरून दिसतें.

शल्यवैद्याचा चाकू डोळ्यांना दिसेल तेवढेंच मेलेलें मांस काढूं शकतो. त्याच्या पलीकडचें, एकेका पेशीगणिक करावयाचें शोधन कोण करतें, ह्याचें उत्तर अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील दोन प्रयोगांनीं दिलें. रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७२ सालीं गिनीपिगच्या रक्तांतून लहान भक्षक पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, त्यांना मारक अशा रक्तरसानें जवळजवळ नाहींशा केल्या आणि त्यांच्या अंगावर निर्जंतुक जखमा केल्या. लढणारें सैन्यच नाहीं म्हटल्यावर जखमा चिघळाव्या अशी कोणाचीहि अपेक्षा झाली असती. पण त्या नेहमींच्याच वेळांत भरल्या. मग १९७५ सालीं लाइबोव्हिच व रॉस ह्यांनीं त्याच प्राण्यांतील मोठ्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, कमी केल्या. आतां निराळाच प्रकार दिसला. गोठलेल्या रक्ताचे व मृत पेशींचे अवशेष जखमेंत तसेच पडून राहिले आणि नवें धागेदार ऊतक विणणाऱ्या पेशींचें कामहि लांबणीवर पडलें. स्वच्छ जखम सैन्यावांचून भरते, पण झाडलोट करणाऱ्यांवांचून भरत नाहीं, असा ह्या दोन प्रयोगांचा अर्थ होतो.

त्याच १९७२ सालीं मरणाऱ्या पेशींकडेहि शास्त्रज्ञांचें लक्ष वळलें. ऑस्ट्रेलियांतील जॉन केर ह्यांस उंदराच्या यकृतांत कांहीं पेशी फार शांतपणें मरतांना दिसत होत्या. भाजल्यानें वा चेंगरल्यानें मरणारी पेशी फुगते, फुटते आणि आंतील तीव्र द्रव्यें आजूबाजूस सांडते. ह्या पेशी तसें करीत नव्हत्या. त्या आकसत, स्वतःचे लहान लहान तुकडे पाडीत, आणि ते तुकडे शेजारच्या पेशी गिळून टाकीत; मागें दाहाची खूणहि उरत नसे. स्कॉटलंडांतील अ‍ॅबर्डीन येथें अँड्र्यू वायली व अ‍ॅलिस्टर करी ह्यांच्यासह केर ह्यांनीं ह्या मरणावर लेख लिहिला. त्याला नांव देण्यासाठीं त्यांनीं तेथील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक ह्यांचें साहाय्य घेतलें. ‘अपॉप्टोसिस’ हा तो शब्द. झाडावरून पानें गळणें, हा त्याचा मूळ अर्थ. मराठींत त्याला पानगळ म्हणावयास हरकत नाहीं. वादळानें फांदी मोडणें निराळें आणि ऋतू आला म्हणजे पिकलें पान देंठांतून सुटणें निराळें.

ही पानगळ किती नेमकी असते, हें एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीनें शिकविलें. त्याच्या वाढींत १०९० देहपेशी उत्पन्न होतात आणि त्यांपैकीं बरोबर १३१ ठरल्या वेळीं मरतात व शेजाऱ्यांच्या पोटांत जातात. ह्या मरणामागील आनुवंशिक सूत्रें उलगडणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन ह्या तिघांना २००२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या शरीरांत हें काम किती प्रचंड प्रमाणावर चालतें, ह्याची कल्पना एका उदाहरणानें येईल. रक्तांतील तांबड्या पेशीचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें. प्रत्येक सेकंदाला अशा सुमारें वीस लाख पेशी जीर्ण होतात. त्यांना प्लीहा व यकृत ह्यांतील मॅक्रोफेज गिळतात आणि त्यांच्यांतील लोह काढून नव्या रक्तासाठीं परत देतात. दररोज अन्नांतून फार तर एक-दोन मिलिग्रॅम लोह शरीरास मिळतें. ह्या परतफेडींतून मिळणारें लोह वीस मिलिग्रॅमच्या वर असतें. मेलेल्यांच्या ह्या काटकसरीवर जिवंतांचा संसार चाललेला असतो.

आतां जखमेंतील घडामोडींचा उलगडा होऊं लागला. न्यूट्रोफिल प्रथम धांवत येतात, जंतू मारतात, आणि थोड्याच काळांत स्वतः मरतात. त्यांच्या पोटांत जंतुनाशक तीव्र द्रव्यें भरलेलीं असतात. त्या जागच्या जागीं फुटल्या तर शेजारचें निरोगी मांसहि भाजून निघेल. १९८९ सालीं जॉन सॅव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, म्हाताऱ्या झालेल्या न्यूट्रोफिल पानगळीच्या रीतीनें मरतात आणि फुटण्यापूर्वींच मॅक्रोफेज त्यांना सबंध गिळतात. मेच्निकॉफ ह्यांनीं शतकापूर्वीं पाहिलेल्या दृश्याचा अर्थ अशा रीतीनें लागला. मग प्रश्न उरला तो ओळखीचा. जिवंत शेजारी आणि मरणारा शेजारी ह्यांतील भेद मॅक्रोफेजला कळतो कसा? १९९२ सालीं व्हॅलरी फॅडोक, पीटर हेन्सन इत्यादि संशोधकांनीं त्याची खूण दाखविली. पेशीचें आवरण दुहेरी असतें. फॉस्फॅटिडिलसेरीन नांवाचें एक स्निग्ध द्रव्य जिवंतपणीं आंतल्या पदरास असतें. पेशी मरूं लागली म्हणजे तें बाहेरच्या पदरास येतें. दुहेरी कापडाचें अस्तर वर दिसूं लागावें, त्यांतला हा प्रकार. तें अस्तर दिसलें कीं मॅक्रोफेज पुढें येते.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट पुढेंच होती. १९९८ सालीं ह्याच संशोधकांनीं असें दाखविलें कीं, जंतू गिळणारी मॅक्रोफेज आणि मृत आप्त गिळणारी मॅक्रोफेज ह्यांचें वर्तन एक नसतें. जंतू गिळल्यावर ती धोक्याची हांक देते; अधिक पेशी बोलावते; दाह वाढतो. आपल्याच शरीरांतील शांतपणें मेलेली पेशी गिळल्यावर ती हांक थांबविते, आणि दाह शमविणारीं द्रव्यें सोडूं लागते. त्यांतील टीजीएफ-बीटा हें द्रव्य नवें ऊतक विणणाऱ्या पेशींनाहि कामास लावतें. म्हणजे शोधन संपलें, आतां रोपण चालू करा, हा निरोप झाडलोट करणाराच देतो. आणि झाडलोट झाली हीच त्या निरोपाची खूण असते. २००३ सालीं ह्या क्रियेला ‘एफेरोसायटोसिस’ असें नांव देण्यांत आलें. तें ज्या लॅटिन शब्दावरून आलें, त्याचा अर्थ प्रेत उचलून स्मशानाकडे नेणें असा आहे. घरांत प्रेत असेपर्यंत चूल पेटत नाहीं, ही आपल्याकडील रीत. शरीराची रीतहि फारशी वेगळी नाहीं असें दिसतें.

हा इतिहास केवळ जिज्ञासा पुरविणारा नाहीं. मधुमेह असलेल्या मनुष्याच्या पायाला लहानशी जखम होते आणि महिनोन्‌महिने भरत नाहीं, हें दृश्य आज शहराशहरांतून दिसतें. अशा जखमेंत मॅक्रोफेज पुष्कळ असतात; परंतु मेलेल्या पेशी उचलण्याची त्यांची शक्ति मंदावलेली असते. प्रेतें पडून राहतात, तीं शेवटीं फुटतात, हांक चालूच राहते, आणि दाहाकडून रोपणाकडे जावयाचें वळण येतच नाहीं. म्हणून अशा जखमेवर डॉक्टर साखर आटोक्यांत आणतात, पायावरील भार काढतात आणि मृत मांस पुनःपुन्हां काढून टाकतात. पेशींना झेपत नाहीं तें काम चाकूनें करून देण्याचा हा प्रकार होय. मृत पेशी वेळेवर न उचलल्यानें ल्यूपससारख्या रोगांत शरीर आपल्याच पेशींतील द्रव्यांवर उलटतें, असेंहि आढळून आलें आहे. मात्र दुरुस्तीचा निरोप फाजील झाला, तर व्रणाचें जाड व ताठर वळ उठतें. तेव्हां ह्या क्रियेंत प्रमाणहि संभाळावें लागतें.

मागावरील कामगाराच्या दृष्टीनें आणखी एक जागा महत्त्वाची आहे, ती म्हणजे फुप्फुस. श्वासाबरोबर आंत गेलेली धूळ वायुकोशांतील मॅक्रोफेज गिळतात आणि श्वासनलिकांच्या वाटेनें बाहेर पाठवितात. कापसाच्या धुळीबरोबर जंतूंच्या अंगचें विषारी द्रव्यहि आंत जातें. तें रोज, तास न्‌ तास येत राहिलें म्हणजे ह्या पेशी सारख्या धोक्याची हांक देत राहतात. कापूस व सूत ह्यांचें काम करणाऱ्यांना होणाऱ्या बिसिनोसिस ह्या विकारांत सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशीं छाती आंवळल्यासारखी वाटते. आरंभीं तो एका दिवसानें उतरतो; वर्षानुवर्षें दुर्लक्ष केलें तर कायमचा जडतो. आंत असलेले सफाई करणारे कितीहि तत्पर असले, तरी बाहेरून येणाऱ्या धुळीला मर्यादा असावी लागते. ती मर्यादा घालणें शरीराच्या हातीं नाहीं. धूळ ओढून घेणारीं यंत्रें, हवा खेळती ठेवणाऱ्या खिडक्या आणि नाकातोंडावरील पट्टी ह्यांच्या हातीं तें आहे.

सोलापूरच्या रफू करणाऱ्याला ही सर्व हकीकत फारशी नवलाची वाटणार नाहीं. चादरीला जळून भोंक पडलें, तर तो नवा धागा ओंवण्यापूर्वीं कडेचे करपलेले धागे एकेक करून काढतो. ते तसेच ठेवले तर नव्या धाग्याला धरावयास जागाच राहत नाहीं, हें त्याला पहिल्याच दिवशीं शिकवितात. अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यांत बोट कापलें असतां चिंधीखालीं हेंच काम चालतें. तें विनासायास चालावें म्हणून कामगारानें व मालकानें करण्यासारखें थोडकें आहे: जखम स्वच्छ पाण्यानें धुवावी, ती मळक्या चिंधीनें न बांधतां स्वच्छ कापडानें झांकावी, धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आणि पंधरा दिवसांत न भरणारी जखम, विशेषतः मधुमेही मनुष्याची, घरगुती लेपांवर न सोडतां डॉक्टरांस दाखवावी.